ओरांगउटानला जंगलात भेटायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुमात्रा आणि बोर्निओला जाऊन आल्यापासून ओळखीचे-अनोळखी असे खूप जण फोन करतात. कुठे दिसतो, मुलांना नेऊ का, जेवणाचं काय, पामतेल बंद करू का... प्रत्येकाला सांगताना काही ना काही राहून जातं, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतेय. प्रश्न लोकांनी विचारले तसेच ठेवलेत.

वाचताना एक गोष्ट ध्यानात असू द्या, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचं मूळ तिच्यात आहे. ओरांगउटानची मादी साधारण ७ ते ९ वर्षांतून एकदा विते आणि तिला बहुधा एकच पिल्लू होतं.

ओरांगउटान म्हणजे माकडच ना?

नाही. त्याला शेपूट नसते. गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि आपण ज्या कुळात येतो त्याच कुळातला हा, आणि या मोठ्या कपींपैकी (इंग्रजीत ‘एप’) आशियातल्या जंगलात राहणारा एकटाच. त्याची आणि आपली जनुकं साधारण ९७ टक्के जुळतात. आसामात आढळणारा हूलॉक गिबन हा त्याचा लहान चणीचा चुलतभाऊ म्हणता येईल.

नाव मलय भाषेतलं आहे. ‘ओरांग’ म्हणजे माणूस, ‘हुतान’ म्हणजे रान. रानातला माणूस. आपल्याकडे बरेच जण ‘उरांगउटांग’ म्हणतात, पण शेवटी ‘ग’ लावू नका. तिकडे ‘उतांग’ म्हणजे कर्ज, तेव्हा रानमाणसाचा कर्जबाजारी माणूस होऊन बसतो! उत्तर सुमात्रातली जुनी माणसं त्याला ‘मावास’ म्हणतात, बोर्निओच्या मलेशियाकडच्या भागातल्या सारावाकमध्ये ‘मायास’ आणि त्याच बेटाच्या इंडोनेशियाकडच्या भागातल्या, मध्य कालिमंतानमधले दायाक लोक ‘काहियू’. वाटाड्याशी बोलताना यातला एक शब्द जरी तोंडातून निघाला, तरी तो खुलतो आणि मग खऱ्या गोष्टी सांगायला लागतो.

सगळे एकाच जातीचे असतात का?

तीन जाती आहेत. बोर्निओ बेटावरची एक, सुमात्राच्या उत्तर भागातली दुसरी, आणि तिसरी तापानुली. ही तिसरी वेगळी जात आहे हे २०१७ मध्ये जाहीर झालं. उत्तर सुमात्रातल्या बातांग तोरूच्या डोंगराळ रानाखेरीज ती जगात कुठेही नाही आणि तिची संख्या ८०० हूनही कमी आहे. आपल्या एखाद्या बऱ्यापैकी मोठ्या शाळेत याहून जास्त मुलं असतात. आणि त्याच रानात जलविद्युत प्रकल्पाचं काम काढलं गेलं.

सुमात्रात साधारण १४ हजार उरलेत. बोर्निओचे अंदाज मोजण्याच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, ५७ हजारांपासून १ लाखापर्यंत. तिन्ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहेत, म्हणजे रानातून नामशेष होण्याच्या आधीची पायरी.

एवढी मोठी जंगलं आहेत, मग संख्या का घटली?

जंगलं होती.

पण सुरुवात मादीपासून करू. रानातली मादी पहिल्यांदा आई होते साधारण पंधराव्या वर्षी. पिल्लू ६ ते ८ वर्षं आईला चिकटून असतं. शेकडो झाडांपैकी कुठल्या झाडाला कधी फळ येतं, कुठली साल सोलून खायची, रात्रीचं घरटं कसं बांधायचं, सगळं तिच्याकडे बघूनच शिकतं. ते सुटं झाल्याशिवाय ती पुढच्याचा विचार करत नाही. पन्नास वर्षं जगली तरी आयुष्यात चार-पाच पिल्लं. त्यामुळे एखाद्या भागात वर्षाला शंभरातली एखादी मादी जरी जास्तीची मारली गेली, तरी तिथली संख्या भरून येत नाही, हळूहळू उतरतच जाते.

आता जंगलाकडे या. बोर्निओत १९९९ ते २०१५ या काळात १ लाखाहून जास्त ओरांगउटान नाहीसे झाले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. पामतेल देणाऱ्या तेलताडाच्या लागवडीसाठी, कागदाच्या लगद्यासाठी, खाणींसाठी रान तुटलं हे तर आहेच. पण त्याच अभ्यासात एक फार अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आली. यातले पुष्कळसे जिथे रान अजून उभं आहे तिथून गेले. म्हणजे मारले गेले. कुणी मांसासाठी, कुणी बागेत शिरला म्हणून, कुणी निव्वळ भीतीपोटी.

तिसरं कारण आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. बोर्निओच्या सखल भागात हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता साचून राहिलाय, कित्येक मीटर खोल. तिकडे या जमिनीला ‘गांबुत’ म्हणतात. ती ओली आहे तोवर काही होत नाही. १९९६ मध्ये इंडोनेशियाच्या सुहार्तो सरकारने मध्य कालिमंतानमधली १० लाख हेक्टर अशी जमीन भातासाठी काढायचं ठरवलं आणि हजारो किलोमीटरचे कालवे खणून पाणी काढून टाकलं. भात काही पिकला नाही. वाळलेली जमीन मात्र पेटली, आणि तेव्हापासून कोरड्या वर्षी पेटतच राहते. वरची ज्वाळा विझते, आत गोवऱ्यांच्या ढिगासारखी आठवडेच्या आठवडे धुमसते. २०१५ साली इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. धुरामुळे सिंगापूर-मलेशियातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, आणि झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्यांना तर जायला जागाच नव्हती.

बघायला जायचं तर कुठे?

*बुकित लावांग, सुमात्रा.* रानातून पायी चालत शोधायचा असेल तर मी हेच सुचवीन. गुनुंग लेउसर राष्ट्रीय उद्यानाच्या काठावरचं, बोहोरोक नदीवरचं गाव. इथे १९७३ मध्ये दोन स्विस प्राणिशास्त्रज्ञ स्त्रियांनी, रेजिना फ्राय आणि मोनिका बोर्नर यांनी, पाळलेले ओरांगउटान सोडवून पुन्हा रानात रुळवण्याचं केंद्र सुरू केलं. आज दिसतात ते बरेचसे त्या वेळच्यांचे वंशज. ओटा बांधून फळं ठेवायची पद्धत होती, ती आता बंद आहे. चांगलं झालं. लेउसरचं रान म्हणजे जगातली एकमेव जागा जिथे ओरांगउटान, वाघ, हत्ती आणि गेंडा चौघेही एकत्र नांदतात. मुंबईहून क्वालालंपूर किंवा सिंगापूरमार्गे मेदानच्या कुआलानामू विमानतळावर उतरायचं आणि तिथून गाडीने तीन-चार तास. त्या रस्त्याचा बराचसा भाग दोन्ही बाजूंना तेलताड आणि तेलताडच आहे. झोपू नका, बघा.

*तांजुंग पुटिंग, मध्य कालिमंतान.* चालवत नसेल किंवा घरची मोठी माणसं बरोबर असतील तर हे. पांगकालान बुनला विमानाने, कुमाई बंदरावरून ‘क्लोतोक’ नावाची दुमजली लाकडी होडी. दोन-तीन दिवस होडीतच मुक्काम, रात्री वरच्या डेकवर मच्छरदाणीत. मुख्य सेकोन्येर नदी गढूळ आहे, वरच्या अंगाला खाणकाम चालतं म्हणून. होडी कॅम्प लीकीकडच्या फाट्याला वळते आणि पाणी एकाएकी कोऱ्या चहासारखं होतं, काळं आणि नितळ. ते पाणी त्या पालापाचोळ्याच्या जमिनीतून झिरपून आलेलं असतं. आकाश त्यात इतकं स्वच्छ उतरतं की होडी ढगांवरून चाललीय असं वाटतं. कॅम्प लीकी १९७१ मध्ये ओरांगउटानच्या अभ्यासक बिरुटे गॅल्डिकास यांनी उभारला. ओरांगउटानवरचं जगातलं सर्वांत दीर्घ संशोधन जिथे झालं अशा जागांपैकी ही एक.

*सेपिलोक आणि किनाबातांगान, साबा, मलेशिया.* सेपिलोकचं पुनर्वसन केंद्र १९६४ पासूनचं. दिवसातून दोनदा फळं ठेवतात, लाकडी मार्गिकेवरून पाहायचं. वेळ कमी असेल तर ठीक. पण तिथवर गेलातच तर किनाबातांगान नदीवर दोन रात्री काढा. तिथलं रान तुकड्यातुकड्यांनी उरलंय, मधे तेलताड. सुकाऊ गावातली माणसं ‘हुतान’ या संस्थेबरोबर तुटक्या पट्ट्यांत झाडं लावतात. ओढ्यांवर त्यांनी दोरांचे पूल बांधले, आणि ओरांगउटान ते वापरतात. पोहता येत नसलेल्या प्राण्याला ओढा म्हणजे भिंतच.

सारावाकमध्ये कुचिंगजवळ सेमेंगोह आहे, अर्ध्या दिवसाचं काम.

नक्की दिसेल का?

फळं ठेवतात तिथे बहुतेक वेळा दिसतो, आणि रानाला भरपूर फळ लागलं असेल तर तिथेही येत नाही. तिथले कर्मचारी अशा दिवशी खूश असतात. तुम्हीही व्हा.

बुकित लावांगला दोन दिवस रानात राहिलात तर शक्यता चांगली. एका दिवसात परतायचं म्हणाल तर नशीब.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर त्यातल्या त्यात कोरडं. कालिमंतानला ऑगस्टनंतर वणव्यांचा धूर असू शकतो, तेव्हा तिकडे जून-जुलै बरा. व्हिसाचे नियम सारखे बदलतात, तिकीट काढण्याआधी त्या त्या देशाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहा.

समोर आला तर नेमकं काय करायचं?

थांबायचं. आणि १० मीटर अंतर राखायचं, म्हणजे साधारण एका एस.टी. बसच्या लांबीइतकं. तो पुढे आला तर आपण मागे सरायचं, पाठ न दाखवता. बोलणं बंद, फ्लॅश बंद, पिशवीतलं खाणं बाहेर काढायचं नाही. एका प्राण्याजवळ तासाभरापेक्षा जास्त रेंगाळायचं नाही. सर्दी, खोकला, ताप, जुलाब यातलं काहीही असेल तर त्या दिवशी रानात जायचंच नाही, पैसे बुडाले तरी. आपले आजार त्यांना होतात. आपल्याला दोन दिवसांत बरी होणारी सर्दी त्यांच्या पिल्लाच्या छातीत उतरू शकते. मास्क बरोबर ठेवा.

माझी पहिली भेट सांगते. सकाळचे साडेनऊ असतील. चढ चढून आम्ही दम खात होतो, तेवढ्यात वाटाड्याने हात वर केला. मला काहीच दिसेना. मग वीसेक फुटांवर पानांत लाल काहीतरी हललं. ऊन मागून येत होतं आणि केसांची कड पेटल्यासारखी दिसत होती. मादी होती, पोटाला जेमतेम वर्षाचं पिल्लू. ती पायाने फांदी धरून लटकत होती आणि हाताने एकेक अंजीर चाचपून बघत होती, मंडईत आपण टोमॅटो दाबून बघतो तशी. कच्चं सोडायची, पिकलेलं तोंडात. आमच्यातला एक जण फोटोसाठी दोन पावलं पुढे सरकला. त्यासरशी तिने ओठ पुढे काढून जोरात पापा घेतल्यासारखा आवाज केला. एकदा, दोनदा, मग सलग. वाटाड्या हळूच म्हणाला, “ती रागावली. मागे या.” आम्ही मागे आलो. मिनिटभर आमच्याकडे बघत राहिली आणि पुन्हा अंजिरांना लागली.

तो आवाज लक्षात ठेवा. पाठोपाठ फांद्या मोडून खाली टाकायला लागली तर समजा की तुम्ही बराच वेळ तिचं ऐकलेलं नाही.

वाटाड्याच त्याला केळं दाखवून खाली बोलवत असेल तर?

असं होतं. माझ्यासमोर झालंय. आमच्याच गटाबरोबरच्या एकाने खिशातून केळं काढलं, कारण आदल्या दिवशीच्या पाहुण्यांनी फोटो मिळाला नाही म्हणून कमी बक्षिशी दिली होती. त्याच्यावर चिडून उपयोग नव्हता. आम्ही त्याला सांगितलं, केळं परत खिशात ठेव, तो दिसला नाही तरी तुझी बक्षिशी ठरलेलीच आहे. त्याने लगेच ठेवलं. पुढचे दोन दिवस त्याने आम्हाला जे रान दाखवलं, ते केळ्याने दिसलं नसतं.

हे निघण्याआधीच बोलून ठेवा. परवानाधारक वाटाड्या घ्या, त्याचं ओळखपत्र पाहा, आणि स्वस्तात नेतो म्हणणाऱ्याच्या मागे जाऊ नका. खायला घातल्याने प्राणी जमिनीवर उतरायला शिकतो, माणसाच्या पिशवीवर झडप घालायला शिकतो. बुकित लावांगला मीना नावाची मादी होती, आधी माणसांत वाढलेली, नंतर रानात सोडलेली. किती तरी वाटाड्यांना ती चावली. दोष तिचा नव्हता, माणूस म्हणजे खाणं हे तिला माणसांनीच शिकवलं होतं.

म्हणजे तो धोकादायक आहे?

रानातला ओरांगउटान आपणहून अंगावर येत नाही. पण पूर्ण वाढलेला, गालांवर रुंद पडदे असलेला नर ८०-९० किलोचा असतो आणि ताकद आपल्या कितीतरी पट. त्याची हाक किलोमीटरभर ऐकू जाते. सुरुवात घुमल्यासारखी, मग गर्जना, आणि शेवटी उसासे टाकावेत तशी विरत जाते. पहाटे तंबूत ती ऐकली की झोप उडते आणि परत लागावी असं वाटतही नाही.

लहान मुलांना आणि आजी-आजोबांना नेता येईल का?

क्लोतोकवर दोघांनाही, आनंदाने. बुकित लावांगची चढण निसरडी आहे. मुळांना धरून चढावं लागतं. दहा वर्षांखालच्या मुलांना मी नेणार नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी अर्ध्या दिवसाची वाट धरावी.

आम्ही शाकाहारी आहोत. जेवणाचं काय?

उपाशी राहणार नाही. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, तळून फार छान लागतात. टोफू, गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी, भाताचा नासी गोरेंग अंड्याशिवाय. अडचण एकच, तिखट सांबलमध्ये बहुतेक वेळा ‘तेरासी’ असते, म्हणजे वाळवलेल्या जवळ्याची गोळी. “तेरासी नको” असं आधीच सांगा. बरोबर मेतकूट आणि लसणाची चटणी न्या. वाटाड्यांनाही द्या, त्यांना चटणी भयंकर आवडते.

जळवा?

असतात. पावसाळ्यात कोकणात किंवा आंबोलीला फिरला असाल तर घाबरायचं कारण नाही. पायमोजे पॅंटवर ओढून घ्या, लागली तर नखाने बाजूला सारून काढा.

ओरांगउटानने स्वतःच्या जखमेवर औषध लावलं, ही बातमी खरी आहे का?

खरी आहे, आणि आपल्यासाठी त्यात एक गंमत आहे. सुमात्रातल्या आचे प्रांतात सुआक बालिंबिंग इथे राकुस नावाचा नर आहे. जून २०२२ मध्ये त्याच्या डोळ्याखाली जखम झालेली संशोधकांना दिसली, बहुधा दुसऱ्या नराशी भांडताना झालेली. त्याने एका वेलीची पानं चावली, गिळली नाहीत, रस बोटाने पुन्हा पुन्हा जखमेवर लावला आणि शेवटी चावलेला लगदा तिच्यावर थापला. पाच दिवसांत जखम मिटली. मे २०२४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. रानातल्या प्राण्याने ओळखीच्या औषधी वनस्पतीने जखमेवर असा उपचार केल्याची ही पहिली शास्त्रीय नोंद.

त्या वेलीला तिकडे ‘अकार कुनिंग’ म्हणतात, पिवळं मूळ. ती कुठल्या कुळातली, तर आपल्या गुळवेलीच्या.

सुआकचे ओरांगउटान आणखीही एक करतात. नेसिया नावाच्या फळात बियांभोवती खाजकुयलीसारखी टोचणारी कुसं असतात. ते काटकी सोलून तोंडात धरतात आणि तिने कुसं झाडून बिया काढतात. नदीपलीकडच्या रानात तीच फळं आहेत, पण तिथल्यांना हे येत नाही. कारण तिथे कुणाच्या आईला येत नव्हतं. एक रान तुटतं तेव्हा अशी शहाणपणंही जातात.

भारतात कुठे पाहता येतो का?

रानात कधीच नव्हता. प्राणिसंग्रहालयात मात्र एक होती आणि तिची गोष्ट पुण्याची आहे. बिन्नी नावाची मादी कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात होती. २००३ मध्ये तिला ओडिशातल्या नंदनकाननला नेलं. देशातली त्या वेळची ती एकटीच ओरांगउटान. मे २०१९ मध्ये, ४१व्या वर्षी, ती गेली. कात्रजला तिला पाहिलेली मुलं आता तिशी-चाळिशीत असतील. मला त्यांनीच सर्वांत जास्त फोन केलेत.

कपडे घातलेल्या, मांडीवर बसून दूध पिणाऱ्या पिल्लांचे व्हिडिओ येतात. ते पाहण्यात काय वाईट?

आई जिवंत असेपर्यंत पिल्लू तिच्या अंगावरून सुटत नाही. त्या मांडीवरच्या जवळजवळ प्रत्येक पिल्लामागे मारलेली एक आई असते, आणि वाटेत मेलेली इतर पिल्लं वेगळीच. व्हिडिओ जितका पसरतो तितकी मागणी वाढते. थायलंडमध्ये ओरांगउटानना हातमोजे घालून मुष्टियुद्ध खेळायला लावायचे. त्या प्रकरणातून सोडवलेले ४८ जण २००६ मध्ये इंडोनेशियाला परत आणले.

पुढे पाठवू नका. ‘किती गोड’ असं लिहूही नका. तक्रार करा आणि पुढे जा.

पिल्लांना सांभाळायला स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?

पिल्लाला कडेवर घेऊन फोटो मिळेल अशी जाहिरात दिसली तर त्या संस्थेपासून लांब राहा. चांगल्या केंद्रात पाहुण्याला पिल्लाजवळ जाऊच देत नाहीत. मध्य कालिमंतानमधल्या न्यारू मेंतेंगला, ‘बीओएस’ म्हणजे ‘बोर्निओ ओरांगउटान सर्व्हायव्हल’ फाउंडेशनच्या केंद्रात, अनाथ पिल्लांची ‘रानातली शाळा’ चालते. तिथल्या दाया स्त्रिया त्यांना झाडावर चढायला, फळं ओळखायला, फांद्या वाकवून घरटं करायला शिकवतात. आईने सहा-सात वर्षांत जे शिकवलं असतं त्याला तिथेही तितकीच वर्षं लागतात. मग काही काळ बेटावर, मग रान. २०१२ पासून असे शेकडो जण परत रानात गेलेत. हे काम बाहेरच्या माणसाने पंधरा दिवसांत करण्यासारखं नाही.

तुमच्या हातून होणारी कामं वेगळी आहेत. रोपवाटिकेत पिशव्या भरणं, तोडलेल्या भागात झाडं लावणं, मार्गिका दुरुस्त करणं. चिखलात हात घालायची तयारी असेल तर जरूर जा.

पामतेल बंद करू का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो आणि एका शब्दात उत्तर मागतात. देता येत नाही.

जगातलं साधारण ८५ टक्के पामतेल इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं आणि ते सर्वांत जास्त आयात करणारा देश आपला आहे, गेल्या काही वर्षांत वर्षाला पाऊण ते एक कोटी टनांच्या आसपास. रेशनचं पामतेल आपल्या घरात कित्येक वर्षांपासून आहे. २०२२ च्या दिवाळीत सरकारने १०० रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, साखर, चणाडाळीबरोबर १ लीटर पामतेल होतं. गाडीवरचा वडा, फरसाण, खारी, बिस्किटं, आंघोळीचा साबण, शाम्पू, सगळ्यात ते आहे. ज्या घरात तेलाच्या प्रत्येक रुपयाचा हिशेब आहे तिथे जाऊन कुणाला दोष देणं मला पटत नाही.

दुसरं असं की तेलताड हेक्टरी तीन-चार टन तेल देतो, सोयाबीन अर्धा टन. सगळ्यांनी एकदम सोयाबीन धरलं तर कुठलं तरी दुसरं रान तुटेल, बहुधा दक्षिण अमेरिकेतलं. झाड वाईट नाही. ते कुठली जमीन साफ करून लावलं यावर सगळं अवलंबून आहे. इंडोनेशियाने २०११ मध्ये प्राथमिक जंगलं आणि गांबुतात नवे परवाने देणं थांबवलं, २०१९ मध्ये ते कायमचं केलं, आणि तेलताडासाठी होणारी तोड पूर्वीपेक्षा बरीच कमी झाली. म्हणजे दबावाचा उपयोग होतो.

मी काय करते ते सांगते. स्वयंपाकाला घाण्याचं शेंगदाणा किंवा करडईचं तेल, परवडतं म्हणून. विकतच्या वस्तूच्या मागचं बारीक अक्षर वाचते. ‘खाद्य वनस्पती तेल’पुढे कंसात ‘पामोलिन’ असतं, साबणावर ‘सोडियम पामेट’ असतं. मग त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला एक मेल टाकते: तुमचं पामतेल ‘आरएसपीओ’ प्रमाणित आहे का, कुठल्या बागेतून येतं ते तुम्हाला माहीत आहे का? ‘आरएसपीओ’ ही २००४ मध्ये सुरू झालेली, पामतेल रान न तोडता पिकवलं जावं यासाठीची संस्था; तिच्या प्रमाणपत्रात त्रुटी आहेत, त्यावर टीकाही होते, पण काहीच न विचारण्यापेक्षा बरं. युरोपातल्या ग्राहकांनी इतकी वर्षं विचारलं, म्हणून तिथे पाठवल्या जाणाऱ्या तेलाची वेगळी नोंद ठेवली जाते. आपण सर्वांत मोठे गिऱ्हाईक असून विचारतच नाही. फरसाणवाल्यालाही विचारा. माझ्या दुकानदाराने तिसऱ्या खेपेला डबा काढून दाखवला.

पैसे कुणाला द्यावेत?

नावं सांगते, ज्यांचं काम वर्षानुवर्षं चालू आहे: बीओएस फाउंडेशन, सुमात्रन ओरांगउटान कॉन्झर्व्हेशन प्रोग्रॅम, गॅल्डिकास यांची ओरांगउटान फाउंडेशन इंटरनॅशनल, किनाबातांगानची हुतान. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आपल्याकडे ८०जी ची सवलत मिळत नाही, ते धरून चाला. ‘दत्तक’ घेतलेल्या पिल्लाचं प्रमाणपत्र मुलांना आवडतं. पण निवड असेल तर जमीन राखणाऱ्या, कालवे बुजवणाऱ्या, गस्त घालणाऱ्या कामाला द्या. पिल्लू सोडवून वाढवायला प्रचंड खर्च येतो. आई मारली गेलीच नाही तर तो खर्चच नाही.

आणि जाणार असाल तर गावात खर्च करा. गावातला वाटाड्या, गावातली खानावळ, गावातलं लॉज. नोव्हेंबर २००३ मध्ये बोहोरोकला पूर आला आणि बुकित लावांग जवळजवळ वाहून गेलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. गाव पुन्हा उभं राहिलं ते रान बघायला येणाऱ्यांच्या जोरावर. रान उभं राहिलं तर घर चालतं हे तिथल्या पोरांना आकड्यांत माहीत आहे.

तीच मादी पुन्हा भेटेल का?

वाटाडे प्रत्येकाला चेहऱ्यावरून ओळखतात, आपण गल्लीतली माणसं ओळखतो तसं. आमच्या वाटाड्याचे अधूनमधून निरोप येतात. अंजीर चाचपणारी ती मादी अजून त्याच खोऱ्यात आहे. पोटाला असलेलं ते पिल्लू आता सहा-सात वर्षांचं झालंय आणि आईच्या घरट्याशेजारी स्वतःचं वेगळं घरटं बांधायचा प्रयत्न करतंय. मागच्या निरोपात त्याने लिहिलं होतं की पहिल्या रात्री ते मोडलं, आणि ते परत आईच्या घरट्यात जाऊन झोपलं.